संगणकीय खेळांची वैयक्तिक राखीव प्रत

संगणकीय खेळाची वैयक्तिक राखीव प्रत (बॅकअप) म्हणजे आंतरजालावरून विकत घेऊन उतरवलेल्या खेळाची, मूळ प्रत नष्ट किंवा खराब झाल्यास उपयोगी पडावी म्हणून ग्राहकाने स्वतःसाठी जपून ठेवलेली प्रत होय. भारतीय कायद्यानुसार अशी प्रत करता येते. मात्र ती प्रत्यक्षात चालेल की नाही, हे बहुधा विक्रेत्याने खेळाला घातलेल्या डिजिटल कुलपावर ठरते.

पार्श्वभूमी

खेळ सीडी किंवा डीव्हीडीवर विकले जात, तेव्हा ती तबकडी ग्राहकाच्या ताब्यात राहत असे. व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये स्टीम ही सेवा सुरू केली आणि पुढे संगणकीय खेळांची बरीचशी विक्री आंतरजालावर गेली. या व्यवहारात ग्राहकाला सहसा खेळाची मालकी मिळत नाही, वापराचा परवाना मिळतो. युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर बंद केले. त्यानंतर तो विकत घेतलेल्यांनाही खेळता येईना.

प्रकार

राखीव प्रतीच्या दृष्टीने खेळांचे तीन प्रकार पडतात.

१. कुलूपविरहित खेळ: २००८ मध्ये सुरू झालेल्या जीओजी या विक्रीसेवेवरून खेळाची स्थापना-फाइल (इन्स्टॉलर) उतरवता येते. ती जपून ठेवल्यास आंतरजालाविना खेळ पुन्हा बसवता येतो.

२. खात्याशी बांधलेले खेळ: स्टीममध्ये राखीव प्रत करण्याची सोय आहे, परंतु ती पुन्हा बसवताना ग्राहकाला आपल्या खात्यात प्रवेश करावा लागतो. या प्रतीमुळे पुन्हा उतरवण्याचा वेळ व डेटा वाचतो, खात्यावरील अवलंबित्व मात्र कायम राहते.

३. सर्व्हरवर चालणारे खेळ: यांच्या फाइली जतन केल्या तरी सर्व्हर बंद झाल्यावर त्या निरुपयोगी ठरतात.

भारतीय कायदा

प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये संगणकीय आज्ञावलीची गणना साहित्यकृतींत होते. कलम ५२(१)(एए) नुसार आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास हानी, नाश वा बिघाड यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. कलम ५२(१)(एडी) नुसार स्वतः वैधरीत्या मिळवलेल्या प्रतीवरून बिगर-व्यावसायिक, वैयक्तिक वापरासाठी प्रती करणे हाही प्रताधिकारभंग नाही. मित्राला प्रत देणे किंवा ती विकणे या सवलतीत बसत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ए नुसार, प्रताधिकारभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडल्यास २ वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. विक्रेत्याने राखीव प्रत चालण्याजोगी ठेवलीच पाहिजे, असे बंधन मात्र हा कायदा घालत नाही.

रायगड किनारपट्टी

राखीव प्रतींमधील हा फरक आपत्तीच्या काळात ठळकपणे जाणवतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. मुरूड, श्रीवर्धन व म्हसळा परिसरात घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांब कोसळले. अनेक गावांतील वीज व मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद होती. अशा परिस्थितीत वीज आली, पण आंतरजाल बंदच राहिले, तर कुलूपविरहित प्रत लगेच वापरता येते. खात्याशी बांधलेली प्रत नव्या संगणकावर बसवण्यासाठी जोडणी पूर्ववत होण्याची वाट पाहावी लागते. शिवाय घरात पाणी शिरल्यास संगणक आणि शेजारीच ठेवलेली राखीव प्रत दोन्ही एकदमच निकामी होऊ शकतात.

जतनाची पद्धत

सर्वसाधारण संकेतानुसार एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. किनाऱ्यावरील कुटुंबाला यांतील एक हार्ड डिस्क मुंबई-पुण्याच्या स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरी ठेवता येते. किनाऱ्यावरील दमट, खाऱ्या हवेत धातूचे भाग लवकर गंजतात. त्यामुळे डिस्क हवाबंद डब्यात आर्द्रताशोषक पुडीसह ठेवणे हिताचे असते. फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही; त्यासाठी एक्सफॅट पद्धत वापरतात. खेळातील प्रगतीच्या फाइली बहुधा वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे त्या स्वतंत्रपणे जतन कराव्या लागतात. प्रत उपयुक्त आहे की नाही याची खात्री करण्यासाठी ती आंतरजाल बंद ठेवून दुसऱ्या संगणकावर बसवून पाहतात.