विमानतळावरचा कॅमेरा आजीला कसा ओळखतो?

मुंबईहून निघताना इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्ट तपासतो. अमेरिकेतून परत निघताना मात्र असा काउंटरच नसतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. देश कोणी सोडला, हे इथे मुख्यतः विमान कंपनीच्या प्रवासी यादीवरून कळतं. येणाऱ्या-जाणाऱ्या परदेशी प्रवाशांची नोंद ठेवा, असा कायदा १९९६ मध्येच झाला. २००४ पासून येताना बोटांचे ठसे घेणं सुरू झालं, पण जाण्याची बाजू रखडली.

आता ते काम कॅमेऱ्याकडे आलं आहे. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या सर्वांचा फोटो येताना आणि जाताना घेता येतो. ग्रीन कार्डवालेही त्यात आले. १४ वर्षांखालची मुलं आणि ७९ वर्षांवरचे ज्येष्ठ यांना असलेली सूट गेली. कॅमेरे टप्प्याटप्प्याने बसत आहेत, त्यामुळे प्रत्येक विमानतळावरचा अनुभव वेगळा असेल.

कॅमेरा नेमकं काय करतो?

संगणक चेहऱ्याचं रूपांतर आकड्यांच्या एका मालिकेत करतो. तुमच्या पासपोर्ट किंवा व्हिसाच्या फोटोचीही अशीच मालिका असते. दोन्ही किती जवळ आहेत, याला गुण मिळतात. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा गुण जास्त असले, की हिरवा दिवा. मर्यादा सैल ठेवली तर भलताच माणूस आत जाईल. कडक केली तर खरी आजीच अडकेल. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत.

म्हणून एक युक्ती वापरतात. गेटवरचा फोटो साऱ्या जगाशी नव्हे, तर त्या विमानाच्या प्रवाशांच्या फोटोंशी ताडतात. समजा, दोन वेगळ्या व्यक्तींच्या १ लाख तुलनांमध्ये यंत्र एकदा फसतं. ३०० जणांच्या यादीत चुकीची जुळणी होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के. हीच यादी १ कोटीची केली, तर एका शोधात सुमारे १०० चुकीचे चेहरे निघतील!

आपले चेहरे

पण ही चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते का? अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये अनेक अल्गोरिदम तपासले. कित्येकांमध्ये आशियाई आणि आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांच्या चुकीच्या जुळण्या गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा १० ते १०० पट जास्त होत्या. सर्वात अचूक अल्गोरिदममध्ये हा फरक बराच कमी होता. आशियात बनलेल्या काही अल्गोरिदममध्ये आशियाई आणि गोऱ्या चेहऱ्यांमध्ये तशी तफावत दिसली नाही. यंत्राला शिकवताना कोणाचे चेहरे दाखवले, यावर बरंच काही अवलंबून असावं, असं यातून दिसतं.

शिवाय वय आहेच. व्हिसा १० वर्षांचा असतो, चेहरा मात्र बदलत राहतो. लहान मुलांचा तर भराभर. म्हणजे ज्यांची सूट गेली, त्यांच्याच जुन्या फोटोंशी जुळणी अवघड.

आई-बाबा येणार असतील तर त्यांना एवढं सांगून ठेवा: कॅमेऱ्याने ओळखलं नाही म्हणजे प्रवेश नाकारला असं नव्हे. माणूस पासपोर्ट हातात घेऊन तपासतो. चष्मा, टोपी काढा, कागदपत्रं हाताशी ठेवा. तुम्ही अमेरिकन नागरिक असाल, तर फोटोला नकार देऊन हाताने तपासणी मागू शकता.

आणि पुढच्या वेळी कोणी 'आमचं यंत्र ९९ टक्के अचूक आहे' म्हणालं, तर विचारा: कोणाच्या चेहऱ्यांवर मोजलं?