नातवंड परदेशी, दिनचर्या दोन्ही घरी

आपल्यापैकी अनेकांचे एखादे नातवंड आज लंडन, म्युनिक, टोरांटो किंवा मेलबर्न येथे शिकत असेल. फोन येतो. आपण विचारतो, ‘जेवलास का?’ पलीकडून विचारणा होते, ‘आजी, तब्येत कशी आहे?’ दोन्ही प्रश्नांना ठरलेले उत्तर मिळते, ‘छान.’ प्रत्यक्षात नातवाने दोन दिवस ब्रेडवर काढलेले असतात आणि आजीच्या पायांवरची सूज आठवडाभर उतरलेली नसते. एकमेकांना काळजी नको, या प्रेमापोटीच हे घडते. परंतु हे मौन दोघांनाही महाग पडू शकते. परस्परांचा दिवस कसा जातो हे नेमके ठाऊक असणे, हाच त्यावरचा खरा उपाय होय.

औंधचे उदाहरण

शिक्षणासाठी घर सोडणे आपल्याकडे नवे नाही. सातारा जिल्ह्यातील औंध हे यमाईदेवीचे गाव आणि एका लहान संस्थानाची राजधानी. तेथे गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व जेवणाची सोय होते, असे ऐकून कोकणातील पालगडचा पांडुरंग सदाशिव साने हा मुलगा तेथे शिकावयास गेला. हेच पुढचे साने गुरुजी. तेथे त्यांना बऱ्याच हालअपेष्टा सोसाव्या लागल्या. पुढे प्लेगची साथ आली आणि विद्यार्थ्यांना घरी परतावे लागले. घाटावरचे औंध त्या काळी कोकणातल्या मुलाला परदेशाइतकेच दूर होते.

याच औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत (जन्म १९१२) ऑक्सफर्डला शिकले, लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९३७ साली परतले. १९३९ मध्ये संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू झाली, त्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. त्यांच्या विद्यार्थिदशेत मुंबईहून विलायतेस जहाजाने पोहोचावयास दोन-तीन आठवडे लागत. मुलगा आजारी पडला तर ते कळेपर्यंत तो बहुधा बरा झालेला असे.

आप्पासाहेबांचे वडील श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे निष्ठावंत पुरस्कर्ते. संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरही स्वतःचा नेम चुकविला नाही. त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केले व ते १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आप्पासाहेबांनीही १९७० साली याच विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. घरातला नेम असा पुढच्या पिढीत उतरतो. परदेशी निघालेल्या मुलाला देण्यासारखी याहून हलकी शिदोरी नाही. तिला सामानात जागा लागत नाही आणि करावयास एका सतरंजीएवढी जमीन पुरते.

तिकडचा दिवस

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस पाहू. वर्गाचे तास तुलनेने थोडे असतात. खरा अभ्यास ग्रंथालयात, स्वतःच्या जबाबदारीवर करावयाचा असतो. लिहिलेला प्रत्येक निबंध स्वतःचाच असावा, याविषयी नियम कडक असतात. पदवीचा अभ्यास करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्यास साधारणतः २० तासांपर्यंतच नोकरी करता येते. दुकानातील वा उपाहारगृहातील ती पाळी कित्येकदा संध्याकाळी असते. परतल्यावर चार-पाच जणांच्या सामाईक स्वयंपाकघरात जागा मिळेल तेव्हा रांधायचे, भांडी घासायची, आठवड्याचे कपडे धुवायचे. मोहरी-मिरचीच्या फोडणीचा धूर झाला, की छताला लावलेली आगीची घंटा खणखणते आणि कधीकधी सारी इमारत रिकामी करावी लागते. म्हणूनही पुष्कळ मुले फोडणीचा नाद सोडून पावावर भागवितात.

डिसेंबरमध्ये लंडनला सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आतच मावळतो. त्या अंधाराचा परिणाम झोपेवर आणि मनावर होतो. ऊन कमी मिळाल्याने जीवनसत्त्व ‘ड’ कमी पडते. तेथील आरोग्यसेवा शरद व हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व ‘ड’ घेण्याचा विचार करावा असे सांगते; सावळ्या वा काळ्या वर्णाच्या लोकांनी तर वर्षभर. आपल्या नातवंडाने ही बाब तेथील डॉक्टरांना वा औषधविक्रेत्याला विचारली आहे का, हे आपण अवश्य विचारावे.

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात राहत्या भागातील डॉक्टरांकडे नाव नोंदविणे आवश्यक आहे. पुष्कळ मुले हे काम पहिला ताप येईपर्यंत लांबणीवर टाकतात. तेथे प्रतिजैविके चिठ्ठीवाचून मिळत नाहीत. म्हणून दमा, थायरॉइड, मिरगी, ॲलर्जी यांसारखा जुना त्रास असल्यास औषधांची शास्त्रीय नावे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत द्यावी.

डब्यात काय द्यावे

साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचे साजूक तूप द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भारतातून ब्रिटनमध्ये प्रवाशाला दुधाचे व मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. विमानतळावर ते काढून घेतले जातात. ऑस्ट्रेलियाचे नियमही फार कडक आहेत. त्या-त्या देशाचा नियम आधी पाहूनच पिशवी भरावी. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कुळथाचे पीठ हे टिकाऊ आणि पोषक जिन्नस आहेत. मात्र सोबत पाककृतीही द्यावी. भाजणी किती पाण्यात भिजवायची, हे आपल्या हाताला ठाऊक असते, मुलाच्या हाताला नसते. निघण्यापूर्वी महिनाभर त्याला घरात रोज एक पदार्थ स्वतः करू द्यावा. मूगडाळीची खिचडी, पिठले, अंड्याची आमटी आणि एखादी कोशिंबीर एवढे येत असले, तरी मूल उपाशी राहत नाही.

फोनची वेळ आणि प्रश्न

ब्रिटनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. मेलबर्न मात्र आपल्या पुढे असते. मुलाला सवड झाली, की आजोबांनी रात्री बारापर्यंत जागे राहावे, हा रिवाज बरा नव्हे. झोप मोडल्याने रक्तदाब आणि साखर दोन्ही बिघडतात. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा आणि इतर दिवशी एखादा लिखित वा ध्वनिमुद्रित निरोप, एवढे पुरेसे आहे.

प्रश्नही बदलावेत. ‘जेवलास का?’ याचे उत्तर ‘हो’ एवढेच येते. ‘आज काय केलेस, किती वाजता जेवलास, कोणाबरोबर?’ असे विचारले तर दिवस उलगडतो. सलग दोन आठवडे तो एकटाच जेवत असेल, दिवसा झोपून रात्री जागत असेल, वर्ग चुकवीत असेल, आवडीच्या विषयावरही बोलेनासा झाला असेल, तर तो आळस नसून मनाचा आजार असू शकतो. रागे न भरता त्याला विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जाण्याचा आग्रह करावा. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली तर मात्र थांबू नये. विद्यापीठाला व तेथील आपत्कालीन सेवेला त्वरित कळवावे. ब्रिटनमध्ये ९९९ हा तो क्रमांक.

आपले दुखणे लपवू नका

‘परीक्षा आहे, त्याला सांगू नका,’ असे म्हणत शस्त्रक्रियासुद्धा लपविली जाते. पुढे ती उघड झाली, की नातवाच्या मनात कायमची शंका राहते आणि प्रत्येक ‘छान आहे’ त्याला खोटे वाटू लागते. याऐवजी आधीच एक करार करावा : दोन्हीकडून खरे सांगायचे, पण बेताने. कोणती बातमी तत्काळ कळवायची आणि कोणती रविवारच्या फोनवर, हे ठरवून घ्यावे.

घरात एक फाईल असावी. तीत चालू औषधांची यादी, मागील तपासण्या, ॲलर्जी, डॉक्टरांचे क्रमांक, विम्याची कागदपत्रे आणि हाकेला धावणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावे असावीत. तिची प्रत परदेशातील मुलाकडेही द्यावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हे क्रमांक फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. ‘तुमच्या नातवाला परदेशात अटक झाली, पैसे पाठवा,’ असा फोन आला तर घाबरू नये. कुटुंबाने एक गुप्त शब्द ठरवून ठेवावा. तो सांगता आला नाही तर फोन ठेवून नातवालाच फोन लावावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करावी.

एक नेम, दोन घरे

त्याने लंडनच्या खोलीत आणि आपण इथे ओसरीवर, आपापल्या सकाळी काही मिनिटे व्यायाम करावा आणि आठवड्याच्या फोनवर त्याचा हिशेब एकमेकांना द्यावा. किती नमस्कार घातले, एवढ्या साध्या उत्तरातून त्याची झोप, भूक आणि उमेद कळते. आपलीही त्याला कळते. मात्र उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, चक्कर, गुडघ्याचे वा कंबरेचे दुखणे किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असल्यास पूर्ण नमस्कार घालू नयेत. डोके खाली जाणाऱ्या स्थिती वर्ज्य कराव्यात. डॉक्टरांना विचारून खुर्चीत बसून हात वर नेणे, दीर्घ श्वास आणि सावकाश चालणे, एवढे करावे. त्याचे बारा आणि आपले चार असले, तरी हिशेब मात्र दोघांनीही खरा द्यावा.