सभासदांचे मास्तर : धनंजयराव गाडगीळ



उसाची गाडी काट्यावर गेली की आपले काम संपले, असे मानणारे सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. भाव कसा बसला, कर्ज किती फिटले, हे म्हणे साहेब लोकांनी बघायचे! अशा वेळी आम्हाला प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ आठवतात.

त्यांचा जन्म १९०१ साली नाशिकला झाला. केंब्रिजला शिकून आले, सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य झाले. पुढे साताऱ्याच्या रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक. ग्रंथालयात बसून आयुष्य सुखात गेले असते. पण या माणसाचे अर्थशास्त्र बांधावरचे. वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याला शेतीत खर्च किती येतो आणि पदरात काय पडते, याची पाहणी करून त्यांनी ती १९४० साली छापली. वि. म. दांडेकरांसारखे अर्थशास्त्रज्ञ याच संस्थेत नावारूपाला आले.

१९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरास, बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष धनंजयराव. ऊस आपण पिकवतो, मग कारखाना आपला का नसावा, ही गोष्ट तिथे निघाली आणि लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी ती उचलून धरली. विठ्ठलरावांची शाळा थोडी, पण माणसे जोडण्याची हातोटी मोठी. ते गावोगाव हिंडून भाग गोळा करीत. योजना आणि आकडे मांडायला धनंजयराव. मुंबईत वैकुंठभाई मेहता मंत्री होते, त्यांचेही पाठबळ लाभले. ३१ डिसेंबर १९५० रोजी प्रवरेला पहिली मोळी पडली.

सुरुवातीची सुमारे दहा वर्षे प्रोफेसर चेअरमन आणि शेतकरी व्हाइस चेअरमन, अशी ही जोडी होती. भाग कितीही असोत, मत एकच; पाच एकरवाला आणि पन्नास एकरवाला सभेत सारखाच. पैसा मिळायचा तो घातलेल्या उसाच्या टनावर. आज हे आपल्याला साधे वाटते. तेव्हा सावकाराच्या वहीपलीकडे हिशेब न पाहिलेल्या माणसाला ताळेबंद आपला वाटावा, हे मोठेच शिक्षण होते. प्रवरेचे पाहून इतर तालुके हलले, ठिकठिकाणी धुराडी उभी राहिली. आपलेही त्याच वाटेवरचे.

१९६७ साली धनंजयराव नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटावी, याचे १९६९ चे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले गेले. ते पद सोडून दिल्लीहून पुण्याला परतताना ३ मे १९७१ रोजी गाडीतच त्यांचे निधन झाले.

पुढे राज्यातले कित्येक सहकारी कारखाने बंद पडले, काही विकले गेले. कारणे अनेक असतील. पण सभासदाने विचारणे सोडले की कारखाना कागदावरच त्याचा राहतो, एवढे आम्हाला दिसते.

वार्षिक अहवाल घरी येतो आणि बियाण्याच्या पोत्याखाली जाऊन बसतो. यंदा तो बाहेर काढा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्या. एक तरी प्रश्न लिहून सर्वसाधारण सभेला या. नुसते हार घालून या मास्तरांचे ऋण फिटायचे नाही!