नवा गीझर, तरी पाणी गारच!

दिवाळी जवळ आली की घराघरात दोन गोष्टी बदलतात, पडदे आणि गीझर. पडद्यांचं बरं असतं, लावले की काम संपलं. गीझरचं तसं नाही. नवा कोरा गीझर भिंतीवर चढतो, लाल दिवा छान लागतो आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणं लावून बसलेल्या माणसाच्या अंगावर पडतं ते पाणी... त्याला कोमट म्हणायचं ते केवळ प्रेमाने! मग घरातलं ठरलेलं वाक्य येतं, "दुकानदाराने बिघडलेला पीस गळ्यात मारला." मित्रांनो, पीस बहुधा चांगलाच असतो. गडबड त्याच्या आजूबाजूला असते. टी.ई.ला हीट ट्रान्सफर शिकताना आपण मोठमोठे नंबर पाठ करतो, पण घरच्या बाथरूममध्ये त्यातलं काहीच लावून बघत नाही. म्हणून हा लेख.

आधी तक्रार नीट ऐकून घ्यायची, डॉक्टरसारखी. पाणी कधीच तापत नाही, की आधी चटका बसतो आणि मग गार येतं, की गरम येतं पण धार करंगळीएवढी? तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

चटका आणि मग गार, ही तक्रार जुना १५ लिटरचा स्टोरेज गीझर काढून ३ लिटरचा इन्स्टंट बसवलेल्या घरात हमखास ऐकू येते. हिशोब करून बघू. नळाचं पाणी २० अंश धरा आणि अंघोळीला ४० अंश हवं. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४१८६ ज्यूल लागतात. इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा, म्हणजे सेकंदाला ३००० ज्यूल. भागाकार केला तर मिनिटाला जेमतेम २.१५ लिटर पाणी मिळतं. २० लिटरची बादली भरायला नऊ मिनिटांच्या वर! आणि आपल्याकडे अशी ४० अंशाची बादली घेतो कोण? आपल्याला कढत पाणी घेऊन त्यात विसण घालायची सवय. ६० अंशाचं पाणी हवं असेल तर धार याच्या निम्मी. नळ पूर्ण सोडला की आत साठलेलं तीन लिटर कढत पाणी संपतं आणि पुढे येतं ते नुसतं धावतपळत गरम झालेलं. गीझर बिचारा त्याचं काम चोख करतोय.

जुन्या १५ लिटरच्या टाकीत ६० अंशाचं पाणी असलं की तेवढीच विसण घालून ४० अंशाचं ३० लिटर होतं, म्हणजे दीड बादली. पण २ किलोवॅटच्या कॉइलला ती टाकी परत तापवायला २१ मिनिटं लागतात. चार माणसांच्या घरात तिसऱ्याची अंघोळ गार का होते, ते यातच आलं. (तिसरी व्यक्ती बहुधा आईच असते, हे कुठल्याही फॉर्म्युल्यात बसत नाही!)

यात व्होल्टेजची भर पडते. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० च्या जागी १९० व्होल्ट आले तर तुम्हाला वाटेल थोडंसंच कमी झालं, पण पॉवर ६८ टक्क्यांवर येते. तीन किलोवॅटचा गीझर दोनचा होतो. सकाळी सात वाजता सगळी सोसायटी एकदम गीझर लावते तेव्हा हे सहज घडू शकतं. तोच गीझर दुपारी लावून बघा, फरक कळेल.

आता पाणी सदाच कोमट येत असेल तर. स्टोरेज गीझरला खाली दोन नळ्या असतात, निळ्या रिंगची गार पाण्याची आणि लाल रिंगची गरम पाण्याची. आत मात्र त्या सारख्या नसतात. गार पाण्याची नळी तळाशीच संपते आणि गरम पाण्याची पार वर टाकीच्या माथ्यापर्यंत जाते, कारण गरम पाणी हलकं, ते वर जमतं. नवीन गीझर बसवताना या दोन्हींची अदलाबदल झाली तर गार पाणी वरून पडून सगळं ढवळून काढतं आणि नळाला तळातलं पाणी येतं. शिवाय गच्चीवरची टाकी रिकामी झाली की गीझरही खालून रिकामा होऊ शकतो आणि कॉइल कोरडी तापते. रिंगचे रंग बघायला टॉर्च पुरते, डिग्री लागत नाही.

नळ्या बरोबर असूनही कोमट येतंय? मग संशय मिक्सरवर. समजा मिक्सरचे गरम आणि गार दोन्ही कॉक उघडे राहिले आणि पाणी फक्त हॅन्ड शॉवरच्या बटणाने थांबवलं, तर गार पाणी मिक्सरच्या आतूनच गरम लाइनमध्ये घुसतं. जुना मिक्सर आतून झिजला असेल तरी हेच होतं. याची परीक्षा मला फार आवडते, कारण तिला एक पैसा लागत नाही. गीझरच्या इनलेटचा कॉक बंद करा, मिक्सरचा गार कॉक बंद ठेवा आणि फक्त गरम नळ सोडा. क्षणभर धार येऊन थांबली तर लाइन ठीक. पाणी येतच राहिलं तर ते गीझरमधून येत नाहीये, कुठूनतरी चोरवाटेने येतंय. दुकानदाराला फोन करण्याआधी ही दोन मिनिटं नक्की द्या. (परीक्षा झाली की कॉक उघडायला विसरू नका.)

मुळीच तापत नसेल आणि गीझर आज-कालच बसवला असेल, तर फिटिंग करणाऱ्याने टाकी भरायच्या आधीच बटण दाबलं का, ते विचारा. आधी गरम नळ सोडून ठेवायचा, हवा फसफसत निघून जाऊन सलग धार येऊ द्यायची, मगच स्विच. कोरडा गीझर चालू केला की थर्मल कटआउट उडतं, नशीब वाईट असेल तर कॉइलही जाते. बटण लावताच मुख्य बोर्डवर काहीतरी पडत असेल, तर काय पडतंय ते बघा. एमसीबी पडली तर करंट जास्त होतोय: ३ किलोवॅटला १३ अँपियर लागतात, ते लहान पिनच्या सॉकेटचं काम नाही. आरसीसीबी पडली तर कुठेतरी करंट लीक होतोय. अशा वेळी "ती काढून टाका, सारखी पडते" हा सल्ला देणारा इलेक्ट्रिशियन बदला. ओल्या अंगाच्या माणसाला वाचवायला ३० मिलिअँपियरवर तुटणारं तेवढं एकच यंत्र त्या बोर्डवर असतं.

गीझरखालचा व्हॉल्व्ह ठिबकतो, ही तक्रार तर नव्या गीझरबरोबर येतेच. पाणी २० पासून ६० अंशांपर्यंत तापलं की साधारण दीड टक्का फुगतं. १५ लिटरचं होतं पाव लिटरच्या जवळपास. नॉन रिटर्न व्हॉल्व्हमुळे मागे जायला वाट नसेल, तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर येणार. गीझर तापत असताना ठिबकणं म्हणजे तब्येत चांगली असल्याची खूण आहे. दिवसभर ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह बदला. पण एम-सील लावून तोंड बंद करणं म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही वेल्ड करण्यासारखं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाइट बिल वाचवायला बरेच लोक इलेक्ट्रिक काढून गॅस गीझर बसवतात, आणि तोही जुन्याच जागी, बाथरूमच्या आत. त्याच्या तक्रारी साध्या असतात. टकटक आवाज येतो पण पेटत नाही, तर आतले सेल बदला. तरी नाही पेटला आणि तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर पाण्याचं प्रेशर कमी आहे. दहा मीटर उंचीला एक बार मिळतो, टाकी डोक्यावर दोनच मीटर असेल तर ०.२ बार. तेवढ्याने आतला डायफ्राम हलत नाही, गॅस सुटत नाही.

पण ज्याची कोणी तक्रार करत नाही ते ऐका. मिनिटाला ६ लिटर देणारा गॅस गीझर तासाला सुमारे एक किलो एलपीजी जाळतो. तेवढ्या गॅसला पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा हवी. चार बाय सात फुटांचं, आठ फूट उंच बाथरूम घ्या. त्यात हवा मावते सव्वासहा घनमीटर. थंडी लागते म्हणून दार बंद, व्हेंटिलेटरला थर्माकोल. दहा मिनिटांत तिथली एक तृतीयांश हवा खर्च होते आणि अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड बनतो. एलपीजीला आपण वास घालतो, याला वासच नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि माणूस कडी काढण्याआधीच खाली बसतो. दर हिवाळ्यात पेपरात "बाथरूममध्ये मृतावस्थेत" अशा बातम्या येतात, त्या हार्टअटॅकच्याच असतात असं नाही.

म्हणून गॅस गीझरची जागा बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीत किंवा मोकळ्या ड्राय एरियात. आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. प्लंबर काका म्हणतील, "दहा फूट पाइप वाढेल." वाढू द्या. ज्योत निळी असायला हवी. पिवळी दिसली तर बर्नर साफ होईपर्यंत गीझर बंद. ज्या घरात तो आजही आतच आहे, तिथे त्याने बादली आधी भरून घ्या, गीझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच आत जाऊन कडी लावा. आणि कोणी आतून हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि थेट हॉस्पिटलला न्या. २०२० नंतर घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवू शकतो, कारण त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड लागलेल्या रक्तातला फरक कळत नाही. तो आकडा बघून घरी थांबू नका.