६०० मुलांची ८८

एका ओळीत एक मूल, एका रकान्यात त्याची एक गोष्ट. वय, मुलगा की मुलगी, आईचं शिक्षण, घर ते शाळा अंतर, शिकवणी लावली आहे की नाही, सहामाहीतले गणिताचे गुण. त्यापुढे अभिवृत्ती मापिकेतली विधानं, ‘पूर्ण सहमत’ला ५ आणि ‘पूर्ण असहमत’ला १. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या २० शाळा, प्रत्येकीतली सातवीची ३० मुलं, म्हणजे ६०० ओळी. फाईल जत तालुक्यातल्या एका गुरुजींची. शाळा सांभाळून ते पीएच.डी. करतात, आणि माझ्याकडे अशा फायली घेऊन लोक येत असतात.

“एसपीएसएसमध्ये टाकलं की संध्याकाळपर्यंत होईल ना सर?” त्यांनी विचारलं.

संध्याकाळ नुसत्या साफसफाईत गेली. भरणारे हात तीन-चार होते, त्यामुळे कुठे ‘कवठेमहांकाळ’, कुठे ‘कवठे महांकाळ’, कुठे ‘क. महांकाळ’. संगणकाच्या लेखी हे तीन तालुके. कोरं उत्तर म्हणून टाकलेला ९९ हा आकडा तसाच राहिला होता, आणि तो कोरा आहे हे सॉफ्टवेअरला सांगेपर्यंत शाळेचं सरासरी अंतर भलतंच फुगलेलं दिसत होतं. अंतराचं तसंही अवघडच असतं. माणमधल्या सपाटीवरचे २ किलोमीटर आणि पाटणकडे कोयनेच्या पावसात, ओढा ओलांडून जायचे २ किलोमीटर रकान्यात सारखेच दिसतात. त्यावर सॉफ्टवेअरपाशी काही इलाज नाही. गुरुजींनी पावसाळ्यातल्या वाटेचा वेगळा रकाना केला असता तर फरक पडला असता.

अनेक चलं एकत्र तपासण्याचा फायदा मात्र पहिल्याच दिवशी दिसला. गणित आवडण्याच्या विधानापुढे ५ हा आकडा वेगळा पाहिला तर खटकत नाही, गणिताच्या भीतीच्या विधानापुढेही ५ खटकत नाही. दोन्ही एकाच ओळीत आले की थांबावं लागतं. अशा ओळी शोधायला महालनोबिस अंतर वापरतात. कोलकात्यात भारतीय संख्याशास्त्रीय संस्था उभी करणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिसांनी ते १९३६ मध्ये मांडलं. इतर मुलांच्या घोळक्यापासून एखादं मूल सगळ्या चलांचा मिळून विचार करता किती लांब उभं आहे, ते हा एकच आकडा सांगतो. वर आलेल्या ओळींचे मूळ कागद काढून पाहिले. काहींत टंकनाची चूक निघाली. काही मुलांनी ‘गणिताचा तास मला आवडतो’ आणि ‘गणिताच्या तासाला माझ्या पोटात गोळा येतो’ या दोन्हींवर ‘पूर्ण सहमत’ केलेलं होतं. एक कागद मात्र अगदी खरा होता. तो मुलगा मध्ये शाळा सुटून परत आलेला, वय १६. त्याला विचित्र म्हणून फाईलमधून काढायचं की ठेवायचं? आम्ही ठेवला.

दुसऱ्या दिवशी घटक विश्लेषण. ही कल्पना १९०४ मधली, चार्ल्स स्पिअरमनची, आणि तीही शाळकरी मुलांच्या विषयवार गुणांवरूनच निघालेली. मापिकेतल्या विधानांच्या मागे भीती, आवड, उपयुक्तता अशा मोजक्या गोष्टी आहेत का, हे त्यातून पाहायचं. एसपीएसएस हे १९६८ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी सामाजिक शास्त्रांसाठी सुरू केलेलं सॉफ्टवेअर, २००९ पासून आयबीएमचं. आपल्याकडचे पुष्कळ शिक्षणशास्त्राचे प्रबंध त्याच्यावरच चालतात. आपण काही निवडलं नाही तर ते प्रधान घटकांची पद्धत घेतं आणि आयगेन मूल्य १ पेक्षा जास्त असलेले सगळे घटक राखतं. हा नियम गरजेपेक्षा जास्त घटक काढतो, हे संख्याशास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगत आले आहेत. तीच फाईल मी फुकट मिळणाऱ्या जामोवीत उघडली. तिथे न विचारता होणारी निवड वेगळी आहे : समांतर विश्लेषण, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या निव्वळ यादृच्छिक आकड्यांशी तुलना करून घटक किती ठेवायचे ते ठरवणं, आणि घटक एकमेकांशी जोडलेले असू शकतात हे धरून चालणारं आवर्तन. एसपीएसएसने घटकांची रांगच लावली होती, जामोवीने तीन दिले.

गुरुजी गप्प. मग म्हणाले, “खरं कुठलं?”

मुलं तीच, कागद तेच. फरक निवडीचा, आणि ती निवड ना गुरुजींनी केली होती, ना मी. माझं स्पष्ट मत आहे की शिक्षणशास्त्रातल्या पुष्कळ प्रबंधांचं चौथं, विश्लेषणाचं प्रकरण सॉफ्टवेअरच्या डिफॉल्टनीच लिहिलेलं असतं. गणिताची भीती आणि आवड एकमेकांशी संबंधित नाहीत असं कोणता शिक्षक म्हणेल? पण घटक एकमेकांपासून सुटे धरणारं व्हॅरिमॅक्स आवर्तन वापरलं की आपण नकळत तेच म्हटलेलं असतं. जुन्या प्रबंधात तसं आहे म्हणून नव्यातही तसंच.

याहून मोठी गोष्ट ६०० या आकड्यातच दडली होती. एका शाळेतल्या ३० मुलांना शिक्षक एक, गाव एक, शाळेचा रस्ता एक. ती एकमेकांसारखी असणारच. मग त्यांना ३० स्वतंत्र साक्षीदार कसं मानायचं? इंग्लंडमध्ये नेव्हिल बेनेट यांनी १९७६ मध्ये पारंपरिक शिस्तीच्या अध्यापनाने मुलांची प्रगती जास्त होते असा निष्कर्ष काढला आणि त्यावर तिकडे मोठा गदारोळ झाला. १९८१ मध्ये मरे एटकिन आणि सहकाऱ्यांनी मुलं वर्गावर्गांत बांधलेली आहेत हे हिशोबात धरून तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा तो फरक सार्थ उरला नाही.

इतकं लांब जायचीही गरज नाही. खटाव तालुक्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नमुना निवडीच्या शास्त्रातलं जागतिक नाव, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख. पिकाच्या उताऱ्याची पाहणी त्यांनी पायरीपायरीने बसवली : आधी गावं निवडायची, गावातली शेतं, मग शेतातला मोजून कापायचा तुकडा. एकाच गावातली शेतं एकसारखी पिकतात, तेव्हा एका गावात शंभर तुकडे कापून जिल्ह्याचा अंदाज सुधारत नाही. १९५४ च्या त्यांच्या नमुना सर्वेक्षणावरच्या ग्रंथात हे गणित सविस्तर आहे. शेताच्या जागी मूल आणि गावाच्या जागी शाळा ठेवली की गुरुजींची फाईल तयार.

कागदावर आकडेमोड केली. गुणांतल्या एकूण तफावतीचा पाचवा हिस्सा शाळाशाळांमधल्या फरकाचा आहे असं धरू. शालेय गुणांत ते नवलाचं नाही. प्रत्येक शाळेतली ३० मुलं, त्यातून एक वजा केला की २९, त्याला ०.२ ने गुणलं की ५.८, त्यात १ मिळवला की ६.८. शाळाशाळांची तुलना करायची असेल तर ६०० ला ६.८ ने भागायचं. उत्तर येतं ८८, म्हणजे ६०० मुलांची साक्ष ८८ स्वतंत्र मुलांएवढीच. नेहमीच्या प्रतिगमनात सॉफ्टवेअर ६०० स्वतंत्र मुलं धरून चालतं, म्हणून इंग्रजी-मराठी माध्यम, गावातलं वाचनालय असल्या शाळेच्या पातळीवरच्या गोष्टींपुढे ‘सार्थ’ची चांदणी सहज लागते. त्याच्यावर उपाय आहे : एसपीएसएसमधले मिक्स्ड मॉडेल्स, किंवा १९९०च्या दशकात ऑकलंडमध्ये जन्मलेल्या फुकट ‘आर’मधलं एलएमई-४. शाळेचा रकाना त्यात वेगळी पातळी म्हणून सांगावा लागतो. तो सांगितल्यावर गुरुजींच्या तक्त्यातल्या चांदण्या बऱ्याच कमी झाल्या. आईच्या शिक्षणापुढची राहिली.

“म्हणजे अजून मुलं घ्यावी लागतील?”

मुलं नाही, शाळा. २० शाळांतली ३०-३० न घेता ६० शाळांतली १०-१० घेतली, तर मुलं ६००च राहतात, पण भागाकार २.८ ने होतो आणि ८८ चे २१४ होतात. गुरुजींनी वहीत तालुक्यांची नावं लिहायला घेतली : जत आणि आटपाडी, वाळवा, इकडे माण, खटाव, पाटण. प्रत्येक ठिकाणी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीची पत्रं. पाटणच्या शाळा दिवाळीनंतर घ्यायच्या असं ठरलं. प्रश्नावल्यांच्या छपाईचा खर्च तोच, पेट्रोलचा तिप्पट.