काडी विझली, आग चालूच

१९८२ साली उत्तर कॅलिफोर्नियात काही माणसं एकाएकी पुतळ्यासारखी थिजली. ऐकू येत होतं, कळत होतं; पण हात हलेना, तोंडातून शब्द फुटेना. मेंदूचे डॉक्टर विल्यम लँगस्टन चक्रावले. लक्षणं तर सरळसरळ पार्किन्सन्सची, म्हणजे आपल्या कंपवाताची. पण तो बहुतेकदा उतारवयात येणारा, वर्षानुवर्षं हळूहळू चढणारा आजार. इथे धडधाकट माणसं काही दिवसांत त्याच्या तावडीत सापडली कशी?

सगळ्यांनी चोरून बनवलेलं नकली हेरॉइन टोचून घेतलं होतं, असं निघालं. ते बनवताना त्यात एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालं होतं. मेंदूच्या मध्यभागी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा काळसर पट्टा असतो. आपल्या हालचाली सुरळीत ठेवणारं डोपामिन तिथल्या पेशी बनवतात. एमपीटीपीचं विषात रूपांतर करतं ते आपल्याच मेंदूतलं एक एन्झाइम! आणि डोपामिन आत ओढून घेण्याच्या वाटेनेच या पेशी ते विष स्वतःहून आत घेतात. इतका अचूक नेम एखाद्या शास्त्रज्ञाला ठरवूनही साधला नसता.

थांबा, खरं नवल पुढेच आहे. अशा तिघांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली आणि निष्कर्ष १९९९ मध्ये छापून आले. विष टोचल्याला ३ ते १६ वर्षं उलटली होती. विष शरीरातून केव्हाच निघून गेलेलं. तरीही उरल्यासुरल्या चेतापेशींभोवती मायक्रोग्लिया नावाच्या पेशींचे घोळके जमलेले होते. काडी कधीच विझली होती. आग मात्र चालूच होती.

या मायक्रोग्लिया कोण? १९१९ मध्ये स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवून त्यांना पहिल्यांदा नीट वेगळं दाखवलं. गंमत म्हणजे त्यांचं मूळ मेंदूत नाहीच. उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं, की त्या गर्भाच्या पीतककोशातून येतात, मेंदू अजून घडत असतानाच आत शिरतात आणि तिथेच राहतात. वाटायचं, एरवी त्या स्वस्थ बसून असतील. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावलं, तर काय दिसावं? एकेका पेशीचे बारीक फाटे सतत लांबतायत, आखडतायत, आजूबाजूला चाचपतायत. क्षणाची उसंत नाही! तुम्ही हे वाचत असताना तुमच्याही डोक्यात बहुधा हीच लगबग चाललेली असणार.

जखम दिसली की त्या धावतात, मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात, दाह निर्माण करणारी रसायनं सोडतात. काम झालं की शांत होतात. मग कंपवातात शांत का होत नाहीत?

त्या काळ्या पट्ट्याला रंग देणारं न्यूरोमेलानिन पेशी मेली की बाहेर सांडतं, आणि ते मायक्रोग्लियांना चेतवतं. कंपवातात चेतापेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात, त्याही चेतवतात. चेतलेल्या मायक्रोग्लियांनी सोडलेली रसायनं शेजारच्या, मुळातच नाजूक पेशींना भोवतात. त्यांतली एखादी मेली की पुन्हा न्यूरोमेलानिन सांडतं, पुन्हा चेतवणी. बाहेरून नवं काही येण्याची गरजच नाही!

हे केवळ विषबाधा झालेल्यांपुरतं नाही. व्हँकूव्हरमध्ये पॅट्रिक मॅकगीर आणि सहकाऱ्यांना १९८८ मध्येच नेहमीच्या कंपवाताच्या रुग्णांत या चेतलेल्या पेशी सापडल्या होत्या. २०१७ मध्ये तर काही रुग्णांच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या पेशी, अल्फा-सिन्युक्लिनच्या तुकड्यांना शत्रू मानतात, असं दिसलं. स्वतःच्याच प्रथिनाला!

मग दाह शमवणारी गोळी घेतली, की झालं? इतकं सोपं नाही. याच पेशी कचराही उचलतात. त्यांना सरसकट गप्प केलं, तर तो कोण उचलणार? शिवाय हात थरथरू लागेपर्यंत बऱ्याच चेतापेशी गेलेल्या असतात. गाठायचं तर आधीच.

पण आधी म्हणजे केव्हा? काही माणसं झोपेत स्वप्नाबरहुकूम लाथा झाडतात, ओरडतात. त्यांतल्या अनेकांना पुढे कंपवात किंवा त्याचाच एखादा भाऊबंद आजार गाठतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी कंपवाताची लक्षणं नसलेल्या अशा माणसांच्या मेंदूची पेट स्कॅनने तपासणी केली. २०१७ मध्ये त्यांनी कळवलं, की मायक्रोग्लिया चेतल्याच्या खुणा सबस्टॅन्शिया नायग्रात आधीच उमटलेल्या आहेत. आणि या माणसांची तक्रार काय असते? बहुतेकदा तीही शेजारी झोपणाऱ्याचीच!