मनाचा कारक चंद्र: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आमच्या नात्यातली एक मुलगी, वय चोवीस. नोकरीची दोन बोलावणी हातात होती, पण काही केल्या तिचं ठरेना. रात्र रात्र झोप नाही, अन्नावर वासना नाही. घरच्यांनी पत्रिका दाखवली. “चंद्र वृश्चिकेत, नीचीचा. मन हळवंच राहणार,” असं सांगण्यात आलं आणि तिच्या करंगळीत चांदीच्या अंगठीतला मोती आला. डॉक्टरांकडे जायला मात्र पुढे पाच महिने लागले. ते पाच महिने मला अजून सलतात. म्हणूनच चंद्र आणि मन यांच्याविषयी सर्रास बोललं जातं, ते एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज 1: पंचांगातलं गणित अचूक, म्हणजे त्यावरचं फलितही अचूक.

वस्तुस्थिती: गणित खरोखरच चोख आहे. चंद्र सूर्याच्या पुढे 12 अंश सरकला की एक तिथी पूर्ण होते. सुमारे 27.3 दिवसांत तो बारा राशी फिरतो, म्हणजे एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो. जन्मवेळी तो ज्या राशीत असेल ती आपली रास आणि ज्या नक्षत्रचरणात असेल त्यावरून नावाचं अक्षर, जसं अश्विनीला चू, चे, चो, ला. हे सगळं आकाशात मोजता येतं. त्या स्थितीवरून स्वभाव आणि निर्णयशक्ती सांगणं हा वेगळा दावा आहे, आणि तो वेगळाच पारखावा लागतो. ग्रहणाची वेळ मिनिटावर जुळली, तरी त्या पुण्याईवर भाकीत खरं ठरत नाही.

गैरसमज 2: चंद्र नीचीचा, म्हणजे मन कमकुवत.

वस्तुस्थिती: चंद्र दर महिन्याला सव्वादोन दिवस वृश्चिकेत असतोच. भारतात रोज साठ हजारांच्या आसपास बाळं जन्मतात, म्हणजे प्रत्येक खेपेला लाखाहून अधिक मुलांच्या पत्रिकेत हाच चंद्र येतो. या सगळ्यांचं मन एकाच साच्यातलं कसं असेल? ज्योतिषाच्या परंपरेतही एकट्या राशीवरून निकाल देत नाहीत. पक्षबळ, युती, दृष्टी, नीचभंग असं बरंच काही बघतात.

आणि सगळी पत्रिका बघितली तर? डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात याचीच चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 पाठवल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. 27 जणांची उत्तरं आली. ‘करंट सायन्स’मध्ये 2009 साली निकाल छापून आला. नाणं उडवून मिळालं असतं त्याहून चांगलं यश मिळालं नव्हतं. ही चाचणी बुद्धीची होती, मनःस्थितीची नव्हे. पण बुद्धीतला एवढा ठळक फरक पत्रिकेत दिसत नसेल, तर मनाच्या बारीक छटा तिच्यातून वाचता येतात हे मानायला आधार काय?

गैरसमज 3: चंद्रामुळे समुद्राला भरती येते, शरीरातही पाणीच जास्त, म्हणून मनालाही भरती येते.

वस्तुस्थिती: पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूवर ओढ जास्त आणि पलीकडच्या बाजूवर कमी पडते. या फरकातून भरती येते. पृथ्वीचा व्यास सुमारे 12,700 किलोमीटर आहे, म्हणून हा फरक समुद्रात दिसतो. माणूस त्या व्यासाच्या 75 लाखाव्या भागाएवढाही जेमतेम भरतो. गावच्या विहिरीला भरती येत नाही, मग देहाला कुठून येणार? शिवाय कोकणातल्या कोळ्याला विचारा: उधाण अमावास्येला येतं तसंच पौर्णिमेलाही येतं, आणि अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. पाण्याचंच कारण असतं, तर अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही तिथींना मन सारखंच उसळलं असतं.

गैरसमज 4: पौर्णिमेला माणसं बिथरतात, हे विज्ञानानेही मानलंय.

वस्तुस्थिती: रॉटन आणि केली या संशोधकांनी 1985 साली अशा 37 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. पौर्णिमा आणि विक्षिप्त वर्तन यांच्यात दखल घेण्याजोगा संबंध त्यांना आढळला नाही. झोपेचं मात्र थोडं निराळं आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्रयोगशाळेत 33 जणांच्या झोपेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पौर्णिमेच्या सुमाराला झोप सरासरी 20 मिनिटांनी कमी भरली (2013). अर्जेंटिनातल्या तोबा लोकांमध्येही पौर्णिमेच्या आधीच्या काही रात्री लोक उशिरा आणि कमी झोपत असल्याचं 2021 साली दिसलं. झोप मोडली की चिडचिड होते आणि निर्णयही घाईचे होतात, हा आपला रोजचा अनुभव आहे. पण या नोंदी चंद्राच्या कलेच्या आहेत, राशीच्या नाहीत. मेषवाल्याची पौर्णिमा वेगळी आणि मीनवाल्याची वेगळी, असं त्यांतून कुठेही निघत नाही.

गैरसमज 5: चंद्र आठवा किंवा अमावास्या असेल, तर निर्णय घेऊ नये.

वस्तुस्थिती: आठवा चंद्र, म्हणजे आपल्या राशीपासून आठव्या राशीतला चंद्र, प्रत्येकाला दर महिन्याला येतो. वर्षाचे सुमारे 30 दिवस त्यात जातात. त्या दिवशी काही बिनसलं की ते लक्षात राहतं आणि सुरळीत गेलेले आठवे चंद्र विसरले जातात. अमावास्येचं म्हणाल, तर लक्ष्मीपूजन आपण आश्विन अमावास्येलाच करतो, आणि तमिळनाडूत अनेक जण नव्या कामाला अमावास्या चांगली मानतात. मोठ्या निर्णयाआधी दोन दिवस थांबावं, घरच्यांशी बोलावं, नीट झोपावं. थांबण्याचा गुण खरा आहे. मात्र शस्त्रक्रिया, मुलाखत किंवा औषध चंद्रासाठी लांबवू नये.

ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मनातून चंद्र जन्मल्याचं वर्णन आहे. तिथे आधी मन आहे, मग चंद्र. तो क्रम मला फार मोलाचा वाटतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप आणि भूक हरवली असेल, तर डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आमच्या मुलीच्या करंगळीत मोती अजूनही आहे. आजीने दिलेला, म्हणून तिला प्रिय आहे. औषधाची गोळीही ती रात्री जेवणानंतर न चुकता घेते, आणि आता तिला झोप लागते.